अर्ध्या दिवसाचं माप

कडावच्या कोंडीनं पहिली दोन वर्षं कुणाकडून भाताचा दाणाही घेतला नाही. १९२४च्या आसपासची ही गोष्ट. लावणी लागली की गावातल्या बाया तांबडं फुटायला चिखलात उतरायच्या आणि जाताना आपली पोरं कोंडीच्या ओटीवर ठेवून जायच्या.

कोंडी तिशीतली विधवा. तिची जयवंता दीड वर्षांची असताना तिनंही लावणीला जाताना बांधावरच्या उंबराला झोळी बांधून पोरीला निजवलं होतं. पोरगी झोळीतून कधी उतरली, कुणाला कळलं नाही. वीतभर पाण्यात ती पालथी सापडली. त्यानंतर कोंडीनं शेतात पाऊल टाकलं नाही. लोकांची पोरं राखायची ती फेड म्हणून. आणि फेडीचा मोबदला कुणी मागतं का?

लावणीच्या दिवसांत, न्याहारीची वेळ टळली की शेताकडून तिला रडणं ऐकू यायचं. बारीक, दम लागलेलं. ती धावत ओटीवरची पोरं मोजायची. सगळी जागच्या जागी असायची.

फुकट म्हटल्यावर पोरं वाढत गेली. तिसऱ्या वर्षी अकरा झाली, आणि दुपारी न्यायची ती दिवेलागण झाली तरी कुणी न्यायला येईना. एक दिवस ती एका तान्ह्याला धूत होती, तेवढ्यात इंदूबाईचा तीन वर्षांचा गजा मागच्या ओढ्यात उतरला. कोंडीनं त्याला गाठलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता. तिनं त्याला उचललं, ते त्याची आई येईपर्यंत खाली ठेवलंच नाही.

"उद्यापासून मी नाय राखत," ती त्या संध्याकाळी शेजारच्या अंबाबाईला म्हणाली. अंबाबाई वयानं वडील, तोंडानं फटकळ.

"अकरा नको राखू. पाच राख. आन् भाताचं माप घे."

"जयवंतासाठी करते मी. तिचं माप घेऊ?"

"फुकट हाय म्हून अकरा येतात गं. काल तुझ्या पोटात काय गेलं, सांग."

काल नुसती पेज होती, तीही पाण्यासारखी.

मग दोघी हिशेबाला बसल्या. बाईला दिवसाला अडीच शेर भात मिळतं. त्यातलं निम्मं राखणीत गेलं तर ती चिखलात उतरेल कशाला? पण अंगावरच्या पोराला दहा वेळा उचलावं लागतं, चालतं पोर आपलं आपण खेळतं. दोघांना एकच माप लावणंही बरोबर नाही. शेवटी ठरलं : सूर्य डोक्यावर येईपर्यंत अंगावरच्या पोराला चिपटंभर, म्हणजे पावशेर भात, चालत्याला त्याच्या निम्मं. दुपारनंतर ठेवलं तर पुन्हा तेवढंच. आणि पाचांवर सहावं घ्यायचं नाही.

"कालपर्यंत देवाचं काम होतं, आज दुकान झालं व्हय?" इंदूबाई म्हणाली.

"इंदूबाय, काल तुमचा गजा ओढ्यात होता."

दुसऱ्या दिवशी इंदूबाईनं भात आणून ओटीवर ठेवलं.

चौथ्या दिवशी कातकरवाडीची बुधी आली. कमरेवर वर्षाची पोर, हातात काही नाही. तिची मजुरी आठवड्यानं मिळायची. "कोंडीबाय, माप मागनं देईन."

"मापाचं नाय गं. पाच झाली. सहावं माझ्यानं व्हायचं नाय."

बुधी पोर घेऊन शेताच्या वाटेला लागली.

न्याहारीची वेळ टळली आणि रडणं सुरू झालं. कोंडीनं मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. रडणं थांबेना. पाचांना टाकून जाता येईना, म्हणून तिनं एकाला पाठीशी बांधलं, एकाला कडेवर घेतलं, तिघांना लुगड्याचा पदर धरायला लावला आणि निसरड्या बांधावरून निघाली. किती वर्षांनी ती त्या वाटेवर होती!

झोळी त्याच उंबराला होती. कोंडीनं आत पाहिलं. पोर अंगठा तोंडात धरून गाढ झोपली होती.

बुधी चिखलाच्या हातांनी धावत आली. "काय झाला, बाय?"

"ही रडत होती ना?"

"नाय. मघाधरनं निजलीय."

शेतात वाकलेल्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. अंबाबाईनं मान खाली घातली. आता कुठूनच आवाज येत नव्हता.

कोंडीनं झोळी सोडली. "हिला नेते. पन दिवसभर सहा एकटीला झेपनार नाय. तू दुपारपर्यंत लावणी कर, मग माझ्याकडं ये. अंगणात भात कांड, पोरांवर नजर ठेव. तेच तुझं माप."

"मधी दूध पाजाया आले तर?"

"ये की. त्याचं काय कापायचं नाय."

कातकऱ्याचं पोर आपल्या पोरांत नको म्हणून दोन बायांनी आपली पोरं काढून नेली. आठवड्यात त्यातली एक परत आली.

बुधी पुढे अकरा पावसाळे कोंडीबरोबर राहिली, नंतर नंतर तर सकाळपासूनच. मजुरी वाढली त्या साली कोंडीनं बायांना विचारून माप वाढवलं. एरवी कधी नाही. कुणाचं पोर आजारी पडून घरी राहिलं तर त्या दिवसाचं भात ती घेत नसे. तिच्या ओटीवरून एकही पोर पुन्हा ओढ्याकडे गेलं नाही.

रडणं मात्र थांबलं नाही. एका आषाढात बुधीनं मुसळ थांबवून विचारलंच, "बाय, आता येतंय?"

"येतंय."

बुधीनं मुसळ बाजूला ठेवलं. ती उठून ओटीच्या शेताकडच्या कडेला जाऊन बसली, आणि पोरं न्यायला बाया येईपर्यंत तिथून हलली नाही.