विश्वासनं मागितलेली माफी

विश्वास गेल्याचं मालतीवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लंडनमधल्या हॅरो स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो, त्यालाच भेटायला निघालेलो. ‘भावजी, आता घाई करू नका,’ एवढंच त्या म्हणाल्या. वॉटफर्डची गाडी आली, दारं उघडली, मिटली... मी तिथेच उभा.

आम्ही दोघंही सांगलीचे, पण ओळख झाली ती वॉटफर्डच्या एका छापखान्यात. तो यंत्रं सांभाळायचा, मी हिशेब. मुलं युनिव्हर्सिटीला गेली, घरं रिकामी झाली, तेव्हा कामावरच्या एका गोऱ्या मित्रानं त्याला क्ले पिजन शूटिंगला नेलं. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायच्या, जीव कुणाचाच घ्यायचा नाही. विश्वासला त्याचं वेड लागलं आणि त्यानं मलाही ओढलं. नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं आमचे रविवार हर्टफर्डशरच्या चिखलात गेले. विकतची काडतुसं त्याच्यातल्या कारागिराला पटेनात. वापरलेली रिकामी काडतुसं वेचून आणायची आणि गॅरेजमधल्या छोट्या मशीनवर पुन्हा भरायची, हा त्याचा खरा आनंद. छर्रे दबून वेडेवाकडे होऊ नयेत म्हणून त्यांच्यामधल्या फटींत काहीतरी भरतात. क्लबमधले म्हातारे त्यासाठी सेमोलिना वापरतात हे कळल्यावर तो हसत सुटला. ‘मध्या, अरे सेमोलिना म्हणजे आपला रवाच की! ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानांत हवा तेवढा मिळतो.’ वहिनी करवादायच्या, ‘पाहुणे आले तर शिऱ्याला रवा नाही, बंदुकीला आहे!’

एकदा जाड रवा संपला, तर त्यानं बारीक वापरला. मला तसं सांगितलंही. मी म्हणालो, ‘तू भरलंयस ना? मग झालं.’ त्या रविवारी मी चाप ओढला आणि बंदुकीची नळीच फाटली. डाव्या अंगठ्याचं टोक गेलं, डावा कान कायमचा बंद झाला. बंदूक माझी होती, जुनी, सेकंडहँड. ज्यानं ती तपासली तो म्हणाला, नळी आतून झिजली असेल, किंवा बारीक रवा घट्ट बसून काडतुसात दाब वाढला असेल. नक्की सांगता येणार नाही. विश्वासनं मात्र हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, माझा रक्ताळलेला कोट मांडीवर घेऊन बसल्या बसल्याच नक्की करून टाकलं होतं. ‘मी केलं हे.’ ‘वेडा आहेस का? बंदूक जुनी होती,’ मी म्हणालो.

त्यानं आपली बंदूक विकली, परवान्याचं सर्टिफिकेट पोलिसांना परत केलं. पुढची सगळी वर्षं तो माझ्या दिमतीला राहिला. कानाची अपॉइंटमेंट, वेम्बलीचं सामान, मंडळाचा कार्यक्रम, कुठेही जायचं म्हटलं की त्याची गाडी दारात. चालताना न सांगता माझ्या उजव्या बाजूला यायचा. कुणाकडे सत्यनारायण असला की प्रसादाचा शिरा तळहातावर घेऊन बराच वेळ नुसता बघत बसायचा. मी ते पाहत होतो. एका शब्दानं त्याला मोकळं करता आलं असतं... पण लिहितानाही लाज वाटते, त्याचं ते माझ्यापुढे वाकणं मला आवडायला लागलं होतं.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिसमध्ये. कॅन्सरनं त्याचा आवाज पार बसला होता, म्हणून मी उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला. ‘मध्या, मला माफ केलंस का रे?’ मी त्याचा हात थोपटला. ‘माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मी घरी आलो तो आपण केवढं मन मोठं केलं या समाधानात. तो गेल्यावर, एकटा बसलो असताना, ते समाधान फाटलं. काही झालंच नव्हतं, तर मग इतकी वर्षं या माणसानं काय वाहिलं होतं? त्यानं हात पसरला होता, आणि मी त्यावर काहीच ठेवलं नाही.

तीन-चार आठवड्यांनी वहिनींनी गॅरेज आवरायला बोलावलं. काडतुसं भरायचं मशीन तसंच बाकाला लावलेलं होतं, वर जुनी फुलाफुलांची चादर. मी चादर ओढली आणि एकदम बोलून गेलो, ‘वहिनी, मला त्याचा राग आला होता. खूप आला होता, वर्षभर तरी. मग एक दिवस बघतो तर नव्हता. मी माफ केलं होतं त्याला, खरंच केलं होतं.’

वहिनी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. चादरीचं एक टोक माझ्या हातातून घेत त्या हळूच म्हणाल्या, ‘हे मला काय सांगता, भावजी... वाट तर ते बघत होते.’

मग आम्ही दोघांनी मिळून चादरीची घडी घातली.