माझ्या नावाची जागा

खाडीवरून येणारा सांजवारा खारट असतो, किंचित कुजकटही. पण सतरा वर्षांनी कोपरखैरण्यातल्या आमच्या घराची पायरी चढताना तो नाकात शिरला आणि माझे डोळे भरून आले. डासांच्या भयाने दिवेलागणीला साऱ्या गल्लीच्या खिडक्या बंद होतात. आमची खिडकी मात्र प्रार्थना संपेपर्यंत उघडी असायची, आणि ती अजूनही उघडीच होती.

आमच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला एक अढळ क्रम होता. पप्पा डोळे मिटून लेकरांची नावं वयाप्रमाणे देवापुढे ठेवत: आधी मी, सुवार्ता, मग धाकटा विनय. परीक्षा असो की पडसं, नावं घेतल्याशिवाय आमेन नाही. हिंदू मुलाशी लग्न करणार असं मी सांगितलं, त्या संध्याकाळी पप्पा माझ्या नावापाशी आले, गप्प राहिले आणि थेट विनयचं नाव घेतलं. देवापुढूनच नाव खोडलं, तर त्या घरात राहायचं कशाला? दुसऱ्या दिवशी मी निघून गेले. मी राहते त्या उलव्याहून इथं यायला तासभर लागतो. मला सतरा वर्षं लागली.

बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप सारं उधळून परतणाऱ्या लेकराला दुरूनच पाहतो, कळवळतो, धावत सुटतो. खरं सांगू? मला त्या कथेचा रागच यायचा. मी कुठं काय उधळलं होतं? आणि हरवलं तरी नेमकं कोण होतं, घर सोडणारी मी, की उंबरठ्याआत अडून बसलेले पप्पा? हट्टात मी त्यांचीच लेक, एवढं मात्र खरं.

पप्पा फार थकलेत, असा विनयचा फोन आला म्हणून मी आले. पप्पा धावले नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतली आहे. खुर्चीतूनच "आलीस? बस," म्हणाले. मग प्रार्थनेची वेळ झाली. आज तरी माझं नाव घेतील का, याखेरीज माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

"हे दयाळू पित्या, माझी लेकरं तुझ्या हाती देतो..." आणि पप्पा थांबले. तीच शांतता! मी उठू लागले, तोच विनयच्या बायकोनं, मार्थानं, माझा हात धरला. तिला मी आजच पहिल्यांदा भेटत होते.

"ताई, जाऊ नका ना," ती कानात म्हणाली. "पप्पा रोज इथंच थांबतात. मला वाटायचं, दम लागतो त्यांना."

रोज! म्हणजे ज्याला मी खोडणं समजले, ती माझ्यासाठी राखलेली जागा होती. ओठांवर न येणारं ते नाव देवाला ऐकू गेलं नसेल का? न धावता येणारा बाप इतकी वर्षं रोज त्या एका जागी येऊन उभा राहत होता, आणि मला ते कळलंच नाही.

"सुवार्ता," पप्पा म्हणाले. आवाज फाटला. पुन्हा म्हणाले, "सुवार्ता."

विनयच्या नावापर्यंत यायला पप्पांना आज बराच वेळ लागला. खाडीवरचा वारा आत येत होता, डासही येत होते. खिडकी लावायला कुणी उठलं नाही.