नवव्या होलवरचे काका

काका ब्राऊनच्या कडेशी आले की आधी चपला काढायचे. देवळाबाहेर काढतो तशा, जोडीनं, नीट. मग एक पाय आत टाकायचा, थांबायचं, दुसरा टाकायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं माणसाला चक्कर आली. धावत गेलो, तर म्हणाले, "काहून घाई करून राहिला बाबू? मी जमिनीले विचारून राहिलो."

ब्राऊन म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच गोंधळाल. गोल्फच्या मैदानावर जिथं भोक असतं, झेंडा असतो, तिथं म्हणे जगात सगळीकडे मऊ हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. आमच्या फॅक्टरी इस्टेटीच्या मैदानावर ती नव्हती. जबलपूरचा उन्हाळा, खाली मुरूम, आणि पाणी आधी क्वार्टरांना. मग फार पूर्वी कुणीतरी तोडगा काढला. नर्मदेची बारीक वाळू आणायची, वर्कशॉपातलं जळकं तेल त्यात कालवायचं आणि भोकाभोवती गोल थापायचं. रंग तपकिरी, म्हणून नाव ब्राऊन. त्यावर पावलं उमटतात, म्हणून प्रत्येक खेळानंतर फळीला बांधलेलं गोणपाट वरून ओढायचं. असे नऊ ब्राऊन. आठांवर गोणपाट पाळीनं कॅडी ओढायचे, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारी पोरं, नवव्यावर स्वतः काका, आणि नऊंचीही देखभाल काकांचीच. तेल किती, वाळू किती, हे वाळूचा लाडू वळून नाकाशी नेऊन ठरवायचे. काकू म्हणायच्या, यांच्या अंगाले दिवाळीच्या उटण्यानंबी मोटारीचाच वास येते.

मी तेव्हा इस्टेट ऑफिसात नवा टायपिस्ट. वेग चांगला होता, ते सगळेच सांगायचे. तोटा एवढाच की वेगात टाईप करणारा माणूस वाचत नाही. आमचे साहेब वेगात सही करायचे, त्यामुळे तेही वाचायचे नाहीत. ऑफिस छान चालायचं.

काकांची एक गोष्ट तर मैदानावरचा प्रत्येक कॅडी सांगतो. एकदा फार मोठे साहेब दौऱ्यावर आले आणि खिळ्यांचे बूट घालून ब्राऊनवर चढायला निघाले. आमचे साहेब मागे हात बांधून उभे, बोलणार कोण. काका समोर गेले. साहेबांच्या तोंडाकडे बघेनात, फक्त बुटांकडे. मोठ्या साहेबांनी विचारलं, क्या बात है. काका म्हणाले, "साहब, जूता बहुत अच्छा है. बाहर रख दीजिए, कोई चुराएगा नहीं." मोठे साहेब हसले आणि मोज्यांवर खेळले. त्यानंतर महिनाभर इस्टेटीतले सगळे अधिकारी मोज्यांवर खेळत होते, कारण तो प्रमोशनचा महिना होता.

मग वरून कागद आला. मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना व्यावसायिक शिक्षण द्यायचं. पंधरा दिवसांचा वर्ग, कँटीनच्या मागच्या खोलीत, फळा, खडू, बाहेरून आलेले मास्तर. शिकणारे चारच, तीन माळी आणि काका. नोट्सचे स्टेन्सिल मी कापायचो, आणि अक्षरओळख चौघांपैकी एकालाच होती, म्हणून वाचूनही मीच दाखवायचो. त्यामुळे मी काय टाईप केलंय ते मला पहिल्यांदा तिथं कळलं. गवताच्या सात जाती. सातातल्या सहा आमच्याकडे जगत नाहीत असं मास्तर स्वतःच सांगायचे आणि तरी सहाही पाठ करून घ्यायचे. मातीचे थर रंगीत खडूनं. गवताला ऊन किती तास, पाणी किती वाजता, कात्री किती उंचीवर. सगळं बरोबर असणार, पण आमच्या नऊच्या नऊ भोकांभोवती गवताची एक काडी नव्हती.

काका पहिल्या ओळीत मांडी घालून बसायचे. दहाव्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि विचारलं की ब्राऊनचा धडा कधी येतो. मास्तर सरळ माणूस. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि म्हणाले, "वो इसमें नहीं है."

"तो सर, चौदा साल से मैं क्या झाड़ रहा हूँ?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी उगाच फळा पुसला.

आता खरी गोष्ट. वर्ग संपला की प्रात्यक्षिक होतं, त्याची परीक्षा डिसेंबरात. मैदानावर एक हिरवळ वाढवून दाखवायची. बाकी तिघं आधीच कायम होते, त्यांनी बंगल्यांसमोरचं लॉन दाखवलं तरी चालणार होतं. काका रोजंदारीवर. पास झाले तर कायम, आणि वय बघता ही शेवटची संधी. साहेब, कॅडी, मी, सगळे त्यांना हेडमाळी म्हणायचे. हजेरीपट त्यांना मजूर म्हणायचा. एकदा नळाशी हात धुताना त्यांनी मला सांगितलं की मुलगी इथं जवळच पाटनला दिली, तेव्हा सासरच्यांनी विचारलं, बाप काय करते. पोरीनं सांगितलं, हेडमाळी हाय. "ते पोट्टीनं खोटं नाही सांगितलं बाबू. फक्त आधी सांगून टाकलं. आता मले ते खरं करायचं हाय."

त्यांनी नववा होल निवडला, क्लबाच्या व्हरांड्यासमोरचा. तिथली तेलकट वाळू खरवडून काढली, माती भरली आणि नाल्याकाठची हरळी आणून एकेक काडी रोवली. पावसाळा होता, लागली. पावसानंतर कावडीनं पाणी. सकाळी लांब बांबू घेऊन गवतावरून फिरवायचे, दव झाडायला. मी म्हटलं, काका, हे तर मास्तरांच्या पुस्तकात आहे, दवानं रोग पडतो. ते म्हणाले, चला, पुस्तकानं एक तरी गोष्ट बरोबर लिहिली.

थंडी पडली तशी हरळी सगळीकडे पिवळी पडायला लागली. काकांची नाही. संध्याकाळी ते तिच्यावर भाताचं तणस पसरायचे, वर गोणपाट, आणि सकाळी ऊन आलं की लेकराच्या अंगावरची गोधडी काढावी तसं उचलायचे. डिसेंबर लागला तेव्हा पिवळ्या मैदानात ती एकच हिरवी थाळी होती. साहेबलोक व्हरांड्यात चहा घेऊन नुसते बघत बसायचे. काय खरं सांगू, मीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचो.

आणि लढाई सुरू झाली.

जबलपुरात राहणाऱ्याला ते दिवस सांगायला नकोत. आमची फॅक्टरी तोफांची, शिफ्ट संपायचीच नाही. बाबाही तिथंच, घरी यायचे ते ताटावर बसल्या बसल्या पेंगायचे. खिडक्यांना काळे कागद. सायरनची तालीम. मैदानात तिसऱ्या होलवर आडवे खंदक खणले, आणि चेंडू खंदकात पडला तर दंड नाही, असा नियम क्लबानं केला. तोही मीच टाईप केला. रविवारी खेळ चालू होता, हो. मनोधैर्यासाठी, असं त्यात लिहिलं होतं.

मग आदेश आला की वरून नजरेत भरेल असं काहीही उघडं ठेवायचं नाही. साहेबांनी ते फार मनावर घेतलं. वरून कसं दिसतं ते बघायला विमान कुठून आणणार, म्हणून ते पाण्याच्या टाकीवर चढले. मागून मी, तोंडात पेन्सिल आणि काखेत वही. वरून खरंच दिसलं. पिवळं मैदान, आठ तपकिरी टिकल्या, आणि नववी हिरवीगार, फॅक्टरीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. साहेब म्हणाले, ये तो हम निशान लगा के बैठे हैं. तिथंच, शिडीला धरून, त्यांनी मजकूर सांगितला की नवव्या होलची हिरवळ दिवसभर पूर्णपणे झाकलेली राहील.

खाली उतरलो तर टेबलावर मास्तरांचं पत्र. परीक्षा ठरल्या दिवशीच होईल, प्रात्यक्षिकाच्या गवताला दिवसभर ऊन मिळालं पाहिजे, झाकलेलं आढळल्यास नापास. साहेब म्हणाले, इसका भी ऑर्डर निकाल दो. मी काढला. दोन्ही एकाच दुपारी, एकाच मशीनवर, एकाच सहीनं.

संध्याकाळी नवव्यावर जाऊन मी काकांना दोन्ही कागद वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"दोन्ही साहेबाचेच का?"

"हो काका."

"मग साहेबालेच विचार ना बाप्पा, कोण्या साहेबाचं ऐकू."

मी विचारलं. साहेब मीटिंगला निघाले होते, जिन्यातून म्हणाले, दोनों का पालन हो.

दोन दिवस काकांनी दोन्हींचं पालन करून पाहिलं. रात्री थंडीसाठी झाकायचं, दिवसा विमानासाठी झाकायचं, आणि मधे जरा वेळ मिळाला की गोणपाटाचं टोक उचलून गवताला ऊन दाखवायचं. परत कुणी हटकलं की टोक खाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेची हरळी फिकी पडली होती. काका तिथं उकिडवे बसले होते. मी आलेलो त्यांना कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर गोणपाट बाजूला टाकलेलं, शेजारी वाळूचा ढीग आणि जळक्या तेलाचं पिंप. काका फावड्यानं वाळू कालवत होते. मला कळायला जरा वेळ लागला. मी म्हटलं, काका, परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. म्हणाले, माहीत हाय. मी म्हटलं, माती लावलेली गोणपाटं टाकू, अर्धं उघडं ठेवू, मी मास्तरांना पत्र टाईप करतो, आत्ता करतो. मी बरंच काही बोललो. ते फावडं टेकवून उभे राहिले.

"तुहा बाप आत हाय ना बाबू, रात्रंदिवस? वरून ही थाळी दिसली तं खाली काय शिजून राहिलं तेबी दिसंल." मग गवताकडे बघत म्हणाले, "अन् मारायचीच हाय तं माह्या हातानं मारतो. घुसमटून नको."

दुपारपर्यंत नववा ब्राऊन तयार झाला. टाकीवरून बघून साहेब म्हणाले, शाबाश. तसा सपाट ब्राऊन मी आधी पाहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत लढाई संपली. आमच्यावर एक विमान आलं नाही. परीक्षा मात्र ठरल्या दिवशी आली, मास्तर आणि त्यांच्यासोबत फॉर्म घेतलेले दोघं. ते दोघं नवव्यावर हिरवळ शोधत फिरले. मास्तरांनी बूट काढले, आत गेले, पाय फिरवून पाहिला आणि काकांना हळूच विचारलं, ये बनाया कैसे. काकांनी सांगितलं. मास्तरांनी ते स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. फॉर्मात लिहायला जागा नव्हती. फॉर्मात लिहिलं गेलं की नवव्या होलवर हिरवळ आढळली नाही, उमेदवार नापास. त्याच आठवड्यात मैदान उत्तम लपवल्याबद्दल आमच्या ऑफिसला कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून लावलं.

पुढच्या महिन्यात प्रशिक्षण पास नसलेल्या रोजंदारांना कमी करायची यादी निघाली. तसं नाव एकच होतं. जाणाऱ्याला कामाचा दाखला द्यायचा असतो. मी हिंदीत टाईप केला, आणि पदाच्या जागी मजूर न लिहिता हेड माली लिहिलं. साहेबांनी सही केली. नेहमीसारखी.

मी तो काकांना वाचून दाखवला. वाटलं, खूश होतील. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला.

"हे साहेबानं म्हटलं का तू म्हटलं?"

ते उठले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी मागे धावलो. काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहब, ज़रा पढ़ के सुना दीजिए."

साहेबांनी चष्मा लावला. स्वतः सही केलेला कागद ते वाचतायत असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नाव वाचलं, गाव वाचलं, हेड माली वाचलं आणि न अडखळता पुढं गेले. संपल्यावर काकांनी विचारलं, "हेड माली लिखा है?"

"और क्या लिखेंगे? हेड माली हो, हेड माली लिखा है."

"रजिस्टर में मजदूर है साहब. चौदा साल से."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मुझे तो हमेशा लगा, तुम परमानेंट हो."

ते खरंच बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि म्हणूनच माझ्याच्यानं तिकडं बघवेना. मग ते म्हणाले, आधी कुणी सांगायचं तरी, आता लिस्ट वर गेली. काका म्हणाले, जी. कागदाची चौपट घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. बेटी के घर दिखाना है, एवढं बोलून नमस्कार केला आणि निघाले. खिडकीतून मला दिसत होतं. मैदानाकडे वळतील असं वाटलं होतं. वळले नाहीत. फाटकाशी काकू पेटी घेऊन उभ्या होत्या, दोघं पाटनच्या बसकडे गेली.

साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "कल नौवें पे कौन जाएगा?"

मी बाहेर येऊन मशीनवर बसलो. उद्याची ड्यूटीची यादी चढवलेली होती, आठव्या होलपर्यंतची नावं झाली होती.