५८८२३५३चा जोडीदार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तिला वाटतं, मला गणिताचा कंटाळा आहे. वाटू दे.

एक आकडा आहे, ५८८२३५३. मूळ संख्या. म्हणजे एक आणि तो स्वतः, बाकी कुणी त्याला भागत नाही. पण खरी गंमत पुढेच. त्याचे शेवटचे चार अंक तोडा. झाले ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करा, बेरीज करा — काय येतं? परत ५८८२३५३! करून बघा, मी थांबतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हा आकडा वैशालीने शोधला. माझी वर्गमैत्रीण, चंद्रपूरची, होस्टेलवर राहायची. शेवटच्या वर्षी आम्ही दोघं हिंजवडीला एका कंपनीत मुलाखतीला निघालो होतो. कंपन्या तेव्हा नुकत्या येत होत्या, रस्त्याच्या कडेला अजून शेतं होती. मी घाबरून पाठ केलेली उत्तरं पुटपुटत होतो. मला धीर यावा म्हणून तिने बसमध्ये हा आकडा सांगितला. "आत मी हाच सांगणार आहे," म्हणाली. "याला एक जोडीदारपण आहे, आठ अंकी. तो येताना सांगते."

माझा नंबर आधी लागला. स्वतः शोधून काढलेलं काहीतरी सांगा, म्हणाले. आणि मी — काय सांगू तुम्हाला — तिचा आकडा सांगितला. माझा म्हणून. साहेब खूश.

मग ती आत गेली. थोड्या वेळाने मला पुन्हा बोलावलं. "अहो, याही तेच सांगताहेत. नक्की कुणी शोधला?"

आधीची चोरी घाबरून झाली, असं म्हणू या का? म्हणू. पण आता मी घाबरलो नव्हतो. माझी शनिवार पेठ, माझं सफाईदार इंग्रजी — विश्वास कुणावर बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. "मी," म्हणालो. "बसमध्ये हिला सांगितला होता."

संध्याकाळी माझं नाव पुकारलं. तिचं नाही. परतताना ती माझ्या शेजारीच बसली, बाहेर बघत. जोडीदाराचा विषय मी कुठल्या तोंडाने काढणार? उतरताना एवढंच म्हणाली, "पेढे आण हं." मी आणले नाहीत. नंतर तिला टाळतच राहिलो.

तो जोडीदार मला परवा सापडला, इतक्या वर्षांनी. दहा हजारांतून ५८८ वजा करा — ९४१२. पुढे तेच २३५३. ९४१२२३५३. यालाही तोडा, वर्ग करा, मिळवा — पुन्हा तोच. एक वजाबाकी, बस्स. त्या खोलीत तिने हा दुसरा आकडा नुसता उच्चारला असता, तरी मी तोंडघशी पडलो असतो. तिला तो पाठ होता. मग बोलली का नाही?

ती माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगेन म्हणून थांबली होती. आणि मी टेबलाकडे बघत होतो.