स्लाइडच्या कडेला बघा
काल वीज गेली, मेणबत्ती लावली आणि वितळत्या मेणाच्या वासानं मला थेट नाशिकच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी सी अर्चिन घेतला होता, समुद्रातला काटेरी चेंडूसारखा प्राणी. त्याच्या जननग्रंथी ऋतूंप्रमाणे कशा बदलतात ते बघायचं होतं. रत्नागिरीची मैत्रीण दर महिन्याला फॉर्मलिनच्या बरणीतून ग्रंथी पाठवायची, मी त्या मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाले, "अंडी कुठायत? ग्रंथी रिकामी आहे. नमुना खराब झालाय तुमचा." मला मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या मॅडमनी मान खाली घातली. मला मात्र रागच आला. "खराब नाही, सर. अंडी सोडून झालीत, आता पुढच्या हंगामाची तयारी चाललीय. आमच्या निफाडला एप्रिल छाटणीनंतर द्राक्षबाग अशीच बोडकी दिसते, पण पुढचे घड त्यानंतरच नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, तयार होतात. स्लाइडच्या कडेला बघा ना." सरांनी स्लाइड सरकवली. ग्रंथीच्या भिंतीला चिकटून इवलीइवली कोवळी अंडी बसली होती. बराच वेळ त्यांनी डोळा काढलाच नाही. मग "मॅडम, या, तुम्हीही बघा," म्हणाले आणि उठून मला स्वतःची खुर्ची दिली. आजही मेणाचा वास आला की माझी मान ताठ होते. समुद्र मात्र त्या परीक्षेपर्यंत मी पाहिलाच नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा अलिबागला गेलो, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "कसा वाटतोय?" मी म्हटलं, "ओळखीचा."