तात्पुरत्या फाइलीतला जबाब

मुरबाडच्या कचेरीसमोर पत्र्याच्या टपऱ्यांची एक रांग होती. तिसऱ्या टपरीत प्रेमा टायपिंग करी. बाहेर पाटी होती, पण पाटी वाचून तिच्याकडे कोणी येत नसे. "समोर बाई बसते, ती लिहून देते," एवढंच लोक एकमेकांना सांगत, आणि सिद्धगडाच्या अंगाच्या पाड्यांवरून उतरलेली माणसं बरोबर तिच्यापुढे येऊन उभी राहत.

ब्याण्णव साली एसटीने कल्याणला जाऊन-येऊन तिने मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती. नोकरी लागेल असं घरात सगळ्यांना वाटलं. नोकरी लागली नाही, पुढे लग्नही राहून गेलं. भावाने कुठूनसा जुना टाइपरायटर आणून दिला आणि ती कचेरीसमोर बसली. दहा वर्षं ती त्या यंत्रावर बडवत होती. प्रत्येक कागदाखाली कार्बन घालायची, मागची प्रत दोऱ्यात ओवून ठेवायची. कोणी चार वर्षांनी येऊन, "बाय, माझा कागद पावसात गेला," म्हणालं की ती दोरा सोडून प्रत काढून देई.

दोन हजार दोनमध्ये कॉम्प्युटर आला आणि कार्बन सुटला. कल्याणहून दुरुस्तीला येणाऱ्या जगदीशने तिला एक वापरलेलं मशीन बसवून दिलं. जाताना त्याने दोन गोष्टी बजावल्या. "ताई, डिस्क लहान आहे, उगाच फायली साठवू नका, मशीन जड होईल. आणि डिलीट असं लिहिलेलं काही समोर आलं तर हात लावू नका."

प्रेमाने दोन्ही गोष्टी मनापासून पाळल्या. तिने 'अर्ज' नावाची एकच फाइल ठेवली. ती उघडायची, आधीच्या माणसाचा मजकूर पुसायचा, समोरच्याचा लिहायचा, छापायचा. कागद हातात दिला की तिच्या लेखी काम संपलं. लोडशेडिंगमध्ये दिवसातून दोनदा लाइट जाई, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली होती. लाइट आल्यावर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक चौकट येई. तिच्यात कुठेतरी डिलीट हा शब्द असे. बाकीचं न वाचता प्रेमा 'तरीही उघडा' अशा अर्थाचं बटण दाबून पुढे जाई.

तिचं खरं कसब होतं ते भाषेचं. माणूस अर्धा तास बोले. सासऱ्यापासून सुरुवात करी, मध्येच बैल आजारी पडे, कोणाची तरी सोयरीक मोडे. प्रेमा ऐकून घेई आणि त्यातून नऊ ओळी काढी. 'सदर जमीन', 'पिढीजात वहिवाट', 'तरी मेहेरबान साहेबांनी'. कचेरीतले लोकही म्हणत की या बाईचा कागद स्वच्छ असतो. त्या शब्दाचा तिला अभिमान होता.

दोन हजार आठच्या मे महिन्यात कमळू तिच्याकडे आला. सत्तरी ओलांडलेला, पाड्यावरून सुनेबरोबर जीपने आलेला. सून ठमी चाळिशीची, तरुणपणीच विधवा झालेली. वनहक्काच्या दाव्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा जबाब लागतो, असं गावच्या समितीने सांगितलं होतं. जमीन कधीपासून कसतो, कुठून कुठवर, हे त्याने आपल्या तोंडाने सांगायचं.

दुपारची वेळ होती, टपरीत दुसरं कोणी नव्हतं. कमळू स्टुलावर बसला आणि बोलू लागला, आणि प्रेमाने त्या दिवशी कधी नव्हे ते त्याच्या मागोमाग टाइप करायला सुरुवात केली. त्याचं बोलणं थांबतच नव्हतं, नऊ ओळी काढायला सवडच मिळेना. तास झाला असेल. मग पडदा काळा झाला.

"ग्येली," ठमी म्हणाली.

लाइट आली तेव्हा साडेपाच वाजत होते. शेवटची जीप सहाला सुटायची. कमळू एव्हाना दमला होता, ठमी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. प्रेमाने मशीन चालू केलं, ती चौकट आली, नेहमीचं बटण दाबलं. पडद्यावर त्याआधीच्या गिऱ्हाइकाचा, वाल्मिकचा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज होता. कमळूचं एक अक्षर नव्हतं. तिने वाल्मिकला पुसलं आणि आठवणीतून नऊ ओळी लिहिल्या. 'मी गेली पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ सदर जमीन विनातक्रार कसत आहे.'

अंगठा उठवताना कमळूने विचारलं, "समदं आलं का त्याच्यात, पोरी?"

"आलं, बाबा," प्रेमा म्हणाली.

भाद्रपदात कमळू गेला.

दिवाळीआधी आठवडाभर जगदीश दरवर्षीप्रमाणे मशीनची धूळ झाडायला आला; या वेळी मशीन फार हळू चालतं म्हणून त्याने डिस्कही उघडून पाहिली. पडद्यावर फायलींची लांब यादी लावून तो कपाळावर हात मारून घेत होता. "ताई, हे काय जमवलंय? एकच फाइल ठेवता म्हणता, आणि तिच्याभोवती ही साठ-सत्तर पिल्लं."

"मी नाय जमवली. मी तर काही साठवतच नाही."

"ही एडिटरची, तुम्ही टाइप करता त्या प्रोग्रॅमची आहेत. उडवतो सगळी."

त्याच वेळी ठमी दारात आली. बसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. तिने पदराच्या गाठीतून घडी काढून पुढे केली. दावा वरच्या समितीकडून परत आला होता. जबाबावर शेरा होता: हद्दी, खुणा व वहिवाटीचा तपशील नाही, तीस दिवसांत पुरवावा.

"म्हातारा तर घसा सुकस्तवर बोलला," ठमी म्हणाली. "मी हितंच व्हते. मंग ह्ये म्हंत्यात काय नाय म्हून?"

प्रेमाने तो कागद हातात घेतला. तिचाच कागद. स्वच्छ. ती नऊ ओळी पुन्हा वाचत राहिली आणि तिला कळेना की नजर वर करून काय सांगावं.

"त्याने सांगितलं होतं," शेवटी ती म्हणाली. "लाइट गेली आणि लिहिलेलं गेलं. मग मी माझ्या मनाने थोडक्यात लिहिलं. त्याने विचारलं तेव्हा सगळं आलं म्हणून सांगितलं."

 ठमीने विचारलं, "आता कुठनं आणू त्याला?"

जगदीशचा हात की-बोर्डवर तसाच थांबला होता. "कोणत्या दिवशी गेली लाइट?"

तारीख जबाबाखालीच होती. तो यादीतून खाली खाली सरकत गेला. "तुम्ही टाइप करता ना ताई, ते आधी फक्त मेमरीत असतं. मेमरी लाइट आहे तोवरच. म्हणून हा एडिटर दोनशे अक्षरं झाली, नाहीतर हात चार सेकंद थांबला, की बाजूला एका तात्पुरत्या फाइलीत उतरवून ठेवतो. तुम्ही नीट बंद केलंत की ती तोच पुसतो. लाइट गेली तर पुसणार कोण? ती राहते. ती चौकट तेच विचारत होती, परत आणू का म्हणून."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं. आणि तुम्ही ना हो म्हणालात, ना पूस म्हणालात." तो किंचित हसला, मग ठमीकडे बघून पुन्हा यादीकडे वळला. "सापडली. पण तुम्ही मूळ फाइल नंतर दहादा बदललीय. कितपत येईल सांगता येत नाही."

पडद्यावर आधी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडली. जगदीशने मराठी फॉन्ट लावला. वर वाल्मिकच्या उत्पन्नाच्या दोन ओळी तशाच चिकटलेल्या होत्या, आणि त्यांच्याखाली कमळू बोलत होता.

ठमीला वाचता येत नव्हतं. प्रेमाने वाचायला घेतलं.

'माझे बापाने पयली नाचणी लावली तवा मी सहा वर्साचा आसंन. उगवतीला मोहाची दोन झाडं, त्यातलं एक इजेनं पोकळ केलंय, तरी फुलतं. मावळतीला वहळ, त्याच्या पल्याडचा तुकडा बी आमचाच. वहळाच्या काठानं बापानं रचलेला धोंड्यांचा बांध, आज बी हाय. वरच्या अंगाला माझी दोन पोरं पुरलीत, गोवरात गेली, एकाच हप्त्यात. वर दोन धोंडे ठेवलेत. तिथं आलो का मी औत वळवून घेतो. बैलांना बी ठावं झालंय, ती आपली आपण वळतात.'

"असाच बोलायचा," ठमी म्हणाली. ती आता खाली, उंबऱ्याशी बसली होती.

प्रेमा वाचत गेली. दोन पानं होती. आपण हे लिहिलं आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता. यात सदर नव्हतं, मेहेरबान नव्हतं. शेवटी होतं: 'दुस्काळाच्या दुसऱ्या वर्साला वहळ फुगला न बांध फुटला. त्यो परत रचला. तवा रचाया माझ्यासंगं'. पुढे काही नव्हतं.

"पुढचं?" ठमीने विचारलं.

जगदीशने मान हलवली. "तेवढं उतरवायच्या आत लाइट गेली. दोनशे अक्षरांच्या आतलं असेल. ते कुठंच नाही आता."

प्रेमा डोळे मिटून बसली. ते ऊन, ते स्टूल, त्याचा आवाज, सगळं आठवत होतं. नाव मात्र येईना. ठमीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून एखादं नाव बोलून टाकावं असंही क्षणभर वाटलं. "मला आठवत नाही," ती म्हणाली.

ठमीने पदराने तोंड पुसलं. "माझं तवा लगीन बी नव्हतं झालं. पर बांध रचाया सकुबाय आसंल. म्हाताऱ्याची भन. डोळखांबाच्या अंगाला दिली. अजून जिती हाय. कान गेलं, तोंड नाय गेलं."

पंधरा दिवसांनी दिवाळी आटोपून ठमी सकुबाईला घेऊन आली. शहापूरकडून दोन गाड्या बदलून आली होती म्हातारी, तरी आल्या आल्या तिने मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याच्यातच राहतो का गो माझा भाव?" मग स्वतःच हसली. प्रेमा मोठ्याने विचारी, ती सावकाश सांगे. बांध कसा फुटला, कोणत्या बाजूने धोंडे वाहिले, भावा-बहिणीने किती दिवस पाठीवरून धोंडे आणले. मध्ये एकदा प्रेमाचा हात सवयीने 'सदर' लिहून गेला. तिने तो पुसला.

"हळू लिव गो," सकुबाई म्हणाली, "मी काय पळून चालले?"

अंगठा झाल्यावर प्रेमाने आणखी एक कागद छापायला घेतला. कमळूचा मूळ जबाब टंकलेखिकेने स्वतःच्या मर्जीने आखूड केला, संगणकातून परत मिळालेला मजकूर सोबत जोडला आहे, तो अपुरा आहे तिथे अपुराच ठेवला आहे. खाली तिचं पूर्ण नाव. सोळा वर्षांत तिने हजारो कागद लिहिले होते; तिच्या नावाचा हा पहिला.

जगदीश यूपीएसची बॅटरी बदलत होता. त्याने वाचलं. "ताई, हे देऊ नका. उद्या कचेरीत म्हणतील, ही बाई मनाचं लिहिते. गिऱ्हाईक तुटेल."

"लिहीत होतेच की," प्रेमा म्हणाली आणि सही केली.

गिऱ्हाईक थोडं तुटलंही. शेजारच्या टपरीत एक नवा टायपिस्ट बसायला लागला, तो पटकन लिहून देई.

फेब्रुवारीत जागेची पाहणी झाली. ठमीने निरोप पाठवला म्हणून प्रेमा जीपने गेली आणि पुढे तासभर चढली. ज्यांचे अर्ज लिहिले त्यांपैकी एकाचीही जमीन तिने आजवर पाहिली नव्हती. पाहणीला आलेला माणूस कमळूचे शब्द वाचत होता आणि ठमी पुढे चालत होती. मोहाची दोन झाडं होती. बांध होता, एका जागी धोंडे वेगळे, नंतर बसवलेले. वरच्या अंगाला नांगराचं तास सरळ येऊन एकाएकी वळलं होतं आणि वळणाच्या आत दोन धोंडे होते. फीत धरणारे दोघे तिथे आले आणि कोणी न सांगता बाजूने गेले.

पावसाळ्याच्या तोंडाशी निकाल आला. ठमी तो घेऊन टपरीत आली आणि प्रेमाने वाचून दाखवला. अडीच एकर मागितली होती, दीड मंजूर झाली होती. दीड म्हणजे किती, हे ठमीने विचारलं नाही.

"सोडली ती कुठल्या अंगाची?"

प्रेमाने नकाशावर बोट ठेवून शोधलं. "वहळापलीकडची."

ठमी जरा वेळ विचार करत उभी राहिली. "तिकडं नुसता कातळ हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्यांना." मग तिने कागदाची घडी पदरात बांधली आणि बियाण्याची चौकशी करायला बाजाराकडे निघून गेली.