साडूंचा आलेख

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकाही माणसाकडे नुसतं माणूस म्हणून पाहिलेलं नाही. ते विद्यापीठात व्यायामाचं शरीरशास्त्र शिकवतात; म्हणजे माणूस पळायला लागला की त्याच्या आत काय काय होतं, ते मोजतात. साहजिकच त्यांच्या लेखी आपण सगळे प्रयोगाचे चालतेफिरते सब्जेक्ट. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा लिफ्ट चालू असूनही मला चार जिने चढायला लावले आणि ‘या’ म्हणायच्या आधी दारातच मनगट धरलं. घड्याळाकडे बघत म्हणाले, “एकशे अडतीस! अहो, करता काय दिवसभर?” मी म्हटलं, “नोकरी.” “ते दिसतंच आहे,” म्हणाले, आणि आत घेतलं. चहा अर्थातच बिनसाखरेचा.

त्यांच्या लेकीला बघायला मुलगा आला, त्याला शिक्षण नाही की पगार नाही, काही विचारलं नाही. तीन मिनिटं पाटावर चढ-उतार करायला लावली. बिचारा धापा टाकत ‘हो’ म्हणाला. कशाला, ते त्यालाही कळलं नसावं. आज तो जावई आहे आणि सासुरवाडीला येताना पळायचे बूट घालून येतो. मंडईत एका हमालाला हे म्हणाले, “तुमचं हृदय बघण्यासारखं असणार हो!” हमालाने पोतं खाली न ठेवता सांगितलं, “बाजूला व्हा काका.” साडू दिवसभर खूश. “पाठीवर पोतं, आणि बोलताना दम नाही लागला!” स्वतः मात्र कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढणार. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, “परीक्षक कधी पेपर लिहितो का?”

गेल्या वर्षी प्रयोगशाळेत नवीन ट्रेडमिल आली. छातीला वायरी लावून पळायचं आणि हृदयाचा आलेख समोर पडद्यावर बघायचा. ती चालते का ते पाहायला साडू स्वतःच वर चढले. दोन मिनिटांत त्यांच्या विद्यार्थिनीने पट्टा थांबवला. “सर, आलेख बरोबर नाहीये. डॉक्टरांना दाखवू या.” “आलेख बरोबर नाही म्हणजे यंत्र बरोबर नाही,” साडू म्हणाले. कंपनीचा माणूस आला, ‘यंत्र ठणठणीत आहे’ म्हणून सांगून गेला. वायरी बदलल्या. साडू पुन्हा चढले, पुन्हा तेच. शेवटी खात्री करायला मला बोलावलं. मी धावलो, म्हणजे पोट सांभाळत चाललो. आलेख स्वच्छ! साडूंनी कागद पाहिला, माझं पोट पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. “तुमचा आलेख इतका सुरेख? संपलंच मग. यंत्र पार कामातून गेलंय!”

हा किस्सा मी त्यांच्याच घरी रंगवून सांगितला. सगळे खो खो हसले. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यासमोर चपला ठेवून म्हणाली, “यंत्र दुरुस्त होईल तेव्हा होईल. आधी तुम्ही चला.” डॉक्टरांच्या तपासणीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या आणि दोन दिवसांत बायपास झाली. आणखी आठवडाभर यंत्रालाच दोष देत बसले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला माझ्या त्या किश्श्याची लाज वाटली.

ऑपरेशननंतर नर्स म्हणाली, आज थोडं चालायचं. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना पळवणारा हा माणूस कॉटचा कठडा सोडायला तयार होईना. “पडलो तर?” त्यांनी हळूच विचारलं. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी हात पुढे केला. उभे राहिले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पावलं मोजायला लागलो, “एक... दोन... तीन...”

“मोजू नका हो,” ते म्हणाले. डोळे भरले होते. “नुसते बरोबर चला.”

माझा हात घट्ट धरून ते खिडकीपर्यंत आले.